झाडेकाकांची सकाळची गोळी

रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की आपण हात जोडतो, नाहीतर ‘काय म्हणता?’ म्हणतो. झाडेकाका समोरच्याचा अंगठा धरायचे. धरून त्याचं नख दाबायचे, नख पांढरं पडलं की सोडायचे आणि ते पुन्हा लाल व्हायला किती वेळ लागतो ते डोळे बारीक करून बघायचे. मग निकाल. निकाल बहुतेक एकच असायचा.

‘‘रगत घट्ट झालं तुयं.’’

हिंगणघाटला आमच्या गल्लीत काकांनी नख दाबलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. दूधवाला, गॅसचं सिलिंडर आणणारा, मीटर वाचणारा, कुणी सुटलं नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार मतं मागायला आला, हात जोडून दारात उभा राहिला. काकांनी त्याचे जोडलेले हात सोडवून त्यातला एक अंगठा काढून घेतला. नंतर ते सगळ्या गल्लीत सांगत फिरले, ‘‘याले निवडून देऊ नका बाप्पा. आधीच रगत घट्ट हाय. सभेत बसला तर मरन बिचारा.’’ उमेदवार पडला. काकांना त्याच्या प्रकृतीसाठी बरं वाटलं.

पुंडलिकराव झाडे हे त्यांचं पूर्ण नाव. आयुष्यभर ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत ताणायची, पुन्हा जोडायची, पुन्हा ताणायची आणि धागा किती लांबीचा निघेल ते सांगायचं. काकांनी सांगितलं ते शेवटचं. व्यापारी हुज्जत घालायचे आणि शेवटी गप्प बसायचे. असा मान मिळालेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की त्याचं काय होतं ते मी जवळून बघितलं आहे. काका पहिलं वर्षभर स्वतःच्या गाद्या उसवून त्यातला कापूस तपासत होते.

मग त्यांच्या छातीत दुखलं. नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काळजाच्या अडलेल्या नळीत एक बारीक जाळी बसवली. काका घरी आले ते दोन वस्तू घेऊन. एक सीडी आणि एक गोळी.

सीडीत त्यांच्या काळजाचं चलच्चित्र होतं. नळी अडलेली, मग जाळी, मग मोकळी. पण बघणार कशावर? गल्लीत संगणक कुणाकडेच नव्हता. माझ्या शाळेत नुकताच एक आला होता, कायम कापडी झाकणाखाली असायचा. मी तिथं शिक्षिका. एका शनिवारी काका माकडटोपी घालून थेट सातवीच्या वर्गात आले. ‘‘बाई, पोराईले जरा इज्ञान दाखवतो.’’ नाही म्हणायला मला सुचलं नाही. पंचेचाळीस मुलं त्या एका पडद्यासमोर कोंबून बसली आणि काका काडीने दाखवू लागले. ‘‘हे पाहा, इथं अडलं होतं. वेणा नदीच्या पुलाखाली कचरा अडकते का नाई, तसं. आन आता पाहा, कसं पानी धावून राह्यलं!’’

एका मुलीने विचारलं, ‘‘आजोबा, हे तुमचंच आहे, का दुसऱ्याचं पन असंच दिसते?’’

‘‘मायंच हाय. कोपऱ्यात नाव लिवलं हाय ना.’’

तेवढ्यात हेडमास्तर आले आणि चिडले. काकांनी शांतपणे त्यांचा अंगठा धरला.

दुसरी वस्तू गोळी. रक्त पातळ ठेवणारी, रोज एक, डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही. हिच्यामुळे रक्ताची गुठळी होत नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी तेवढं एक वाक्य उचललं आणि त्यावर अख्खं शास्त्र उभारलं. माणूस चिडतो काऊन? रगत घट्ट. विसरतो काऊन? रगत घट्ट. एस.टी. उशिरा आली, ड्रायव्हरचं रगत घट्ट. त्यांनी दही सोडलं, पाकातलं गोड सोडलं. एकटेच राहायचे, स्वतःच रांधायचे. त्यांचं वरण इतकं पातळ असायचं की ताट थोडं वाकडं झालं तर ते शेजारच्या पाटापर्यंत जायचं.

आमच्या घरात मी आणि बाबा. आई गेली होती, माझं लग्न झालं नव्हतं, त्याची गोष्ट वेगळी. बाबा निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं सायकल मारलेली, त्यामुळे स्वस्थ बसवत नसे. रोज सकाळी काका, बाबा आणि आणखी चौघं असे सहा म्हातारे वेणेच्या पुलापर्यंत चालून यायचे आणि काकांच्या ओट्यावर बसायचे. काका आत स्टोव्हवर चहा करायचे. मी सकाळच्या शाळेला निघायचे तेव्हा ओट्यावरून हसण्याचा आवाज यायचा. बरं वाटायचं ऐकून.

चहाबरोबर एक स्टीलची वाटी फिरत होती, हे मला ठाऊक नव्हतं. मी हे आधीच सांगून ठेवते.

त्या वाटीत गोळ्या असायच्या. काका दोन वेगळ्या मेडिकलमधून त्याच एका जुन्या चिठ्ठीवर जास्तीच्या पट्ट्या आणत आणि दसऱ्यापासून रोज सकाळी ओट्यावरच्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी ठेवत. तीर्थ देतात तशी. ‘‘घे. तोंडात टाक. वरून चहा.’’ पाचही जण घेत. कुणी विचारलं, ‘‘मले कायले गा? मले तर काई होत नाई.’’ तर काका म्हणत, ‘‘होत नाई तवरच घ्याची असते.’’

जानेवारीत बाबांनी एक दिवस अगदी खाली मान घालून मला सांगितलं की जांघेत गाठ आली आहे. वर्षभर त्यांनी ती लपवली होती. खोकलं की बाहेर यायची, झोपलं की आत जायची. हर्निया. वर्ध्याला स्टेशनजवळ एका सर्जनचा खासगी दवाखाना होता, तिथं दाखवलं. घाई नव्हती, पण करून घेतलेलं बरं, असं ठरलं. बाबांना लाज एवढी की ओट्यावर त्यांनी सांगितलं, ‘‘चार दिवस सेलूले जातो, बहिनीकडं. साखरपुडा हाय.’’

आदल्या दिवशी दुपारी आम्ही भरती झालो. संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बघायला आल्या. ठेंगण्या, चष्मा, बोलणं नेमकं. बाबांना बिडीचा जुना खोकला, म्हणून पूर्ण बेशुद्ध न करता पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, ‘‘बाबा, कुठलं औषध चालू आहे?’’

‘‘औषध कायचं? मी ठनठनीत हाय.’’

‘‘बीपीची गोळी? साखरेची? रक्त पातळ करायची?’’

‘‘आपल्याले कोनताच रोग नाई,’’ बाबा म्हणाले. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. खात्रीने हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगणघाटला काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. चार दिवस गोळी चुकायला नको, म्हणून काकांनी बाबांसाठी चार गोळ्यांची पुडी बांधली होती. ती द्यायला आदल्या दिवशी विसरले. तेव्हा सकाळी घरी आले, की बाबा निघाले नसतील तर गाठावं. दाराला कुलूप. समोरच्या काकूंनी खिडकीतून सांगितलं, ‘‘ते कुठले सेलूले? हर्नियाच्या ऑपरेशनले गेले वर्ध्याले, ठेसनजवळ. काल दुपारीच. कोनाले सांगू नका म्हनलं होतं.’’

काका तिथंच उभे राहिले. काकू म्हणाल्या, पुडी हातातून खाली पडली ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

कारण वर्षापूर्वी काकांनी एक दात काढला होता. दाताच्या डॉक्टरला गोळीचं सांगायचं राहिलं. दुपारी काढलेल्या दाताचं रक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलं नव्हतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, कारण शास्त्राला बाधा येत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी त्या वेळी त्यांना चांगलं झापलं होतं. एक साधा दात, आणि इथं तर पोट कापणार.

वर्ध्याची बस नुकतीच सुटली होती. काका हमरस्त्यावर आले आणि रुईच्या गाठी घेऊन जाणाऱ्या एका ट्रकला आडवे झाले. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, मग जागा दिली. पुढची जागा भरलेली, म्हणून काका मागे गाठींवर बसले. जानेवारीच्या थंडीत, जाळी बसवलेल्या काळजाचा माणूस, अडुसष्ट वर्षांचा.

वर्ध्याला उतरल्यावर कळलं की दवाखान्याचं नाव आपण विचारलंच नाही. स्टेशनजवळ, एवढंच ठाऊक. पहिल्या दवाखान्यात घुसले तो बाळंतपणाचा निघाला. तिथं त्यांनी विचारलं, ‘‘देवराव पोस्टमनले इथं भरती केलं काय?’’ सिस्टर म्हणाली, ‘‘आजोबा, इथं बाया असतात.’’ दुसरा डोळ्यांचा. तिसरा आमचा.

आधीची शस्त्रक्रिया लांबली होती, म्हणून बाबांना अकराच्या सुमारास आत नेलं. मी बाहेर बाकावर. पाच मिनिटं झाली असतील. जिन्यावरून धापांचा आवाज आला आणि काका वर आले. माकडटोपीवर, भुवयांवर, मिशीवर कापूस. मला वाटलं, म्हाताऱ्याला बाबांची आठवण आली.

‘‘बाई! सुई लावली काय त्याले? कापलं काय?’’

‘‘काका, हळू बोला. आत्ताच आत नेलंय...’’

‘‘थांबव! थांबव त्याईले! त्याचं रगत थांबनार नाई!’’

दारावरचा माणूस त्यांना धरायला धावला. काका त्याला चुकवून दारावर थापा मारू लागले. मी शरमेने लाल झाले. काकांचं ते घट्ट आणि पातळ मी इतकी वर्षं ऐकलेलं, आज इथंही? मी त्यांचा दंड धरला. तेव्हा त्यांनी खिशातून एक अर्धी संपलेली पट्टी काढून माझ्या हातात कोंबली.

‘‘हे देतो मी त्याले. रोज. दसऱ्यापासून. कालही देल्ली. मीच देल्ली, बाई.’’

पुढचं मला नीट आठवत नाही. मी दार ढकललं एवढं आठवतं. आत बाबा टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले होते, उशी पोटाशी धरून, पाठ वाकवून. पाठीवर पिवळं औषध लावलेलं. डॉक्टरबाई हातमोजे घालून मागे उभ्या. ‘‘बाहेर! कोण आहे?’’ त्या ओरडल्या. मी दारातूनच पट्टी दाखवली आणि म्हणाले, ‘‘बाबा हे खातात. मला माहीत नव्हतं.’’

त्यांनी लांबूनच नाव वाचलं. हातातलं सगळं खाली ठेवलं. ‘‘बाबांना आडवं करा. थांबतोय आपण,’’ असं त्या सिस्टरला म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

‘‘शेवटची गोळी कधी?’’

‘‘काल सकाळी सात वाजता,’’ काका म्हणाले. ‘‘चहासंगं.’’

डॉक्टरबाई बाकावर बसल्या. मास्क खाली ओढला. पहिल्यांदाच मला दिसलं की त्या वयाने माझ्याहून लहान आहेत. मग समजावून सांगितलं, काकांना आणि मला. पाठीत सुई जाते तिथं चारी बाजूंनी हाड असतं, जागा अगदी कमी. सुईने एखादी बारीक शीर दुखावली तरी एरवी आपोआप थांबते. पण ही गोळी अंगात असली तर कधी कधी थांबत नाही. रक्त बाहेर दिसत नाही, आतल्या आत साचतं आणि पायांकडे जाणाऱ्या नसा दाबतं. वेळेवर लक्षात आलं नाही तर पाय जातात.

‘‘म्हनजे लंगडा?’’ काका म्हणाले.

‘‘म्हणजे उठताच येत नाही. फार क्वचित होतं, काका. पण ज्याचं होतं त्याला ते क्वचित नसतं.’’

काकांच्या मिशीवरचा कापूस हलत होता. त्यांना वाटलं होतं जखमेतून रक्त वाहील. पस्तीस वर्षं गावभर सायकल मारलेल्या माणसाचे पाय जातील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाबांना बाहेर आणलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘बाबा, मी दोनदा विचारलं. तुम्ही नाही म्हणालात.’’

‘‘तुमी औषध इचारलं,’’ बाबा ठामपणे म्हणाले. ‘‘हे औषध कुठं होतं? हे पुंडलिकचं होतं.’’

डॉक्टरबाई हसल्या. आधी थोडं, मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. ‘‘आजपासून मी औषध विचारणार नाही. तोंडात काय काय टाकता, असं विचारीन.’’

मग त्यांनी ठरवलं ते असं. बाबांना ही गोळी कुणी डॉक्टरने दिलेली नव्हती आणि तिची गरजही नव्हती, म्हणून ती आजपासून बंद. पूर्ण आठवडा जाऊ द्यायचा, तोवर तिचा असर उतरतो. मग रक्त तपासून शस्त्रक्रिया. हर्निया आठ दिवसांत पळून जात नाही.

‘‘मीही बंद करतो,’’ काका म्हणाले. ‘‘आजपासून हात लावनार नाई मी त्या गोळीले.’’

‘‘खबरदार!’’ डॉक्टरबाई एकदम उभ्या राहिल्या. ‘‘तुमच्या नळीत जाळी आहे. तुम्ही मनाने बंद केलीत तर जाळीतच गुठळी होईल. तुमची गोळी तुम्ही खायची, रोज. त्यांची त्यांनी नाही. कुणी खायची, कुणी थांबवायची आणि किती दिवस, हे तुम्ही ठरवायचं नाही. कळलं?’’

आयुष्यात पहिल्यांदा काकांचा निकाल कुणीतरी फिरवला होता. ‘‘हो, जी,’’ ते म्हणाले.

‘‘आणि आणखी कुणाकुणाला देता?’’

काकांनी बोटं मोजली. चार. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘आजच घरोघरी जाऊन सांगा. ताई, तुम्ही बरोबर जा.’’

त्या संध्याकाळची फेरी मी विसरणार नाही. पुढे काका, टोपी हातात, मागे साक्षीदार म्हणून मी. आधी टेलर. काका दारातच म्हणाले, ‘‘शंकरराव, मी तुले देत होतो ते गोळी खाऊ नको. चूक झाली माही.’’

शंकरराव जरा घुटमळले. मग आतून एक बटणांचा डबा घेऊन आले. उघडला. बटणांच्या वर शंभरेक गोळ्या.

‘‘आता सांगूनच टाकतो, भाऊ. मी जिभेखाली धरत होतो. घरी येऊन इथं टाकत होतो.’’

‘‘म्हनजे तू खातच नव्हता?’’

‘‘तुमी इतक्या मानानं देत होते. नाई कसं म्हनू?’’

काकांना आधी हायसं वाटलं. ते मला स्पष्ट दिसलं. आणि दुसऱ्याच क्षणी ते भडकले. ‘‘तीन महिने तू मले फसवून राह्यला! आन मी म्हनत होतो, शंकररावचं नख कसं टवटवीत झालं!’’

किराणा दुकानदाराने गोळ्या ओट्यासमोरच्या जास्वंदीत टाकल्या होत्या. जास्वंद बरी होती. ढोकेमास्तरांनी सुरुवातीचे चार दिवस खाल्ल्या, मग सुनेने बंद करवल्या. प्रामाणिकपणे रोज गिळणारे दोघंच निघाले. एक बाबा, कारण त्यांच्या हाती दिलेली वस्तू ते जिथं पोचवायची तिथं पोचवत. दुसरे शेतकरी गणपतराव. त्यांच्या हिरड्यांतून पंधरा दिवस रक्त येत होतं आणि ते काकांना वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. काकांनी त्यांना दिव्याखाली तोंड उघडायला लावलं, आत बघितलं आणि खाली ओसरीवर बसून राहिले. गणपतरावच त्यांची समजूत घालू लागले, ‘‘काई नाई होत गा. थोडंसंच येते.’’ दुसऱ्या दिवशी मी गणपतरावांना डॉक्टरकडे नेलं. गोळी बंद झाली आणि हिरड्या आठवडाभरात बऱ्या झाल्या.

दुसऱ्या सकाळी काका फिरायला आले नाहीत. पाचही म्हातारे पुलावरून परत आले तर ओट्यावरचं दार बंद. बाबा दारावर थाप मारून म्हणाले, ‘‘पुंडलिक, गोळी नको, पन चहा तरी दे.’’ बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. बाबांनी घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ते फार खुशीत होते.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा वर्ध्याला. या वेळी काका सोबत होते; त्यांना नको म्हणायची सोय नव्हती. रक्ताची तपासणी ठीक निघाली. डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, ‘‘तोंडात काय काय टाकलं?’’ बाबांनी आठ दिवसांचा भाजीपाल्यासकट हिशेब दिला. त्यांना आत नेलं आणि मी आणि काका बाकावर बसलो.

काका नेहमी बोलणारे. त्या दिवशी समोरच्या भिंतीकडे बघत होते. मीच विचारलं, ‘‘काका, तुम्ही असं का करत होतात? सगळ्यांना गोळ्या?’’ मला वाटलं, आता शास्त्र ऐकावं लागणार.

‘‘तुमी इथं राह्याले आले त्याच्या आधीची गोष्ट हाय, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘मायी बायको. गंगू. मी जेवाले बसलो होतो आन ते समोर बसून पोळ्या टाकत होती. तिचं तोंड एका बाजूनं वाकडं झालं. मले वाटलं, मस्करी करून राह्यली. ते करे तशी कधी कधी, मले हासवाले.’’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘मी हासलो, बाई. मोठ्यानं हासलो. तिच्या हातातली पोळी पडली तरी मी हासतच होतो.’’

मी त्यांच्याकडे वळून बसले.

‘‘तीन दिवस होती. मंग गेली. डॉक्टर म्हने, डोक्यात गुठळी. मले वाटलं, नशीब. आन मंग नागपूरले त्या डॉक्टरनं मायासमोर गोळी धरली आन म्हने, हे घेतली का गुठळी होत नाई. मी म्हनलं, अशी गोळी हाय? अशी गोळी होती? आन मी बारा वर्सं कोनाले इचारलंही नाई.’’ त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. ‘‘तव्हाच मनात घेतलं. आपल्या ओट्यावर कोनाचं तोंड वाकडं होऊ द्याचं नाई.’’

ती गोळी तेव्हा असती तर गंगूकाकू वाचल्या असत्या का, मला माहीत नाही. मी ते बोललेही नाही. तासाभराने दार उघडलं आणि डॉक्टरबाई मास्क काढत बाहेर आल्या. चेहरा बघूनच माझा जीव भांड्यात पडला.

‘‘सगळं छान झालं. पाय अजून बधिर आहेत, दोन-तीन तासांत जाणीव येईल. आली की मला सांगा. आणि फार उशीर वाटला, किंवा पाठीत दुखायला लागलं, तर लगेच सांगा.’’

बाबांना खाटेवर आणलं. ते जागेच होते आणि आत कोणकोणती गाणी लागली होती ते सांगत होते. काकांनी स्टूल ओढलं, खाटेच्या पायथ्याशी बसले आणि घोंगडीखाली हात घालून बाबांच्या पावलावर ठेवला.

‘‘कळते काय?’’

‘‘काय कळते?’’

‘‘माया हात.’’

‘‘नाई.’’

दहा मिनिटांनी पुन्हा. ‘‘आता?’’ ‘‘नाई गा.’’ मी चहा आणला, काकांनी एका हाताने घेतला, दुसरा घोंगडीखालीच. तास झाला. दीड तास झाला. प्रत्येक ‘नाई’ला काकांचा चेहरा थोडा उतरायचा. मी घड्याळ बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. सिस्टर म्हणाली, ‘‘वेळ आहे अजून, आजोबा.’’ काकांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

मग बाबांना डुलकी लागली. खोली शांत झाली. खालून रिक्षांचा आवाज येत होता. आणि बाबा डोळे न उघडता म्हणाले, ‘‘पुंडलिक.’’

‘‘काय गा?’’

‘‘कोनाचा हात हाय तो? बर्फावानी थंडा लागून राह्यला. काढ तो.’’

काका माझ्याकडे वळले. ‘‘बाई, जा. डॉक्टरीनले सांग. कळते म्हना त्याले.’’

मी धावत जाऊन सांगितलं. डॉक्टरबाई आल्या, दोन्ही पाय वर उचलायला लावले, बोटं हलवायला लावली, ‘‘उत्तम’’ म्हणाल्या आणि गेल्या. बाबा अजूनही थंडीबद्दल कुरकुरतच होते. काका ‘‘हो, काढतो, काढतो’’ म्हणत होते, आणि संध्याकाळी दिवे लागले तरी त्यांनी हात काढलेला नव्हता.